मंगलाच्या मशीनचा बोर्ड

६ जानेवारी

मंगलाचं मशीन काल संध्याकाळी गेलं. आमच्या भोपाळच्या अयोध्या नगरात वीज जाते आणि येते, त्यात नवल नाही. पण काल तीनदा गेली आणि तिसऱ्यांदा आली ती दणका देऊन. आत कुठेतरी फट् झालं आणि जळका वास सुटला. आज सकाळी डबा उघडून पाहिला. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर टम्म फुगलेत, एकाचं डोकं फाटलंय. डिस्क काढून माझ्या मित्राकडे, उदयकडे नेली, त्याच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. देवाची कृपा, सगळं शाबूत आहे. गेला तो फक्त बोर्ड.

ही वही कोणी वाचू नये, पण आमच्या लेकीला, जुईला, पहिल्यापासून माझं सामान उचकण्याची सवय आहे, तेव्हा नीट लिहितो. मंगलाच्या आजारात एकेक स्नायू जातो. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. आता फक्त डोळे तिच्या ताब्यात आहेत. मशीनच्या पडद्याखाली एक कॅमेरा आहे, तो तिची नजर कुठल्या अक्षरावर थांबली ते ओळखतो. अशी अक्षरं जोडून वाक्य झालं की मशीन ते बोलतं. रोजची काही वाक्यं तर तिच्या स्वतःच्या आवाजातली आहेत. जीभ जड व्हायला लागली तेव्हा जुईने बसून रेकॉर्ड करून घेतली होती. मशीन नसलं की आमचं काम दोन खुणांवर चालतं. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. अक्षरांचा एक पुठ्ठ्याचा तक्ताही आहे, मी बोट फिरवायचं आणि तिने वर बघायचं. पण त्यात माझा पेशन्स संपतो आणि तिचे डोळे दुखतात.

वेळ मोठी वाईट साधली. डिसेंबरात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, श्वासाचे स्नायू थकत चाललेत, श्वासाला मदत करणारा मास्क फार दिवस पुरणार नाही. पुढचं इन्फेक्शन झालं की गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि कायमचं व्हेंटिलेटरवर ठेवायचं, नाहीतर नाही. एकदा घातली की मागे फिरणं अवघड, म्हणून आधीच ठरवून ठेवा. मी लगेच तोंड उघडलं तर म्हणाले, "भाईसाहब, जवाब आपका नहीं, भाभीजी का चाहिए." मंगलाने थोडा वेळ मागून घेतला होता.

काल चहाच्या वेळी ती मशीनवर म्हणाली, "अहो, शकुंतला गेली की या जरा. बोलायचंय." शकुंतला म्हणजे दिवसभर मंगलाचं सगळं करणारी बाई. ती गेली, मी कुकर लावायला वळलो, आणि वीज! कशाबद्दल बोलायचं होतं कोण जाणे. बहुतेक जुईच्या नव्या घराबद्दल असेल. मशीन झालं की विचारीन.

८ जानेवारी

टी. टी. नगरच्या बाजारात गेलो. प्रतीक म्हणून ग्वाल्हेरकडचा मराठी माणूस आहे, स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. म्हणाला, "काका, आपला प्रोसेसर जुना पडला न. नवे बोर्ड याला लागतच नाहीत. जुन्यातले तीन कंपन्यांचे आहेत माझ्याकडे. कोणताही घ्या, चालून जाईल."

'चालून जाईल'! पिपलानीच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात तपासणी खात्यात माझी उभी हयात गेली. जो जो पुरवठादार "चल जाएगा साहब" म्हणाला, त्याचा त्याचा माल मी परत पाठवला. ट्रान्सफॉर्मर कुठल्यातरी गावाबाहेर उन्हात उभा राहतो, तिथे चालून जाण्याला अर्थ नसतो, चालत राहावं लागतं.

आमच्या खात्यात एक रीत होती. दोन-तीन कंपन्यांचा माल शेजारी ठेवून तपासायचा असेल तर आधी नावांवर कागद चिकटवायचा आणि अ, ब, क लिहायचं. नाव दिसलं की डोळा मऊ होतो. मोठ्या नावाला माणूस आपोआप माफ करतो. म्हणून इथेही मी नावं लिहिणार नाही. प्रतीककडून चिकटपट्टी मागून घेतली आणि तिन्ही डब्यांवर लावली. तो हसत होता. हसू दे.

जुईचा पुण्याहून फोन. "बाबा, बोर्ड-बिर्ड सोडा हो, एक लॅपटॉप घ्या आणि कॅमेरा लावा त्याला. एका दिवसाचं काम आहे." मी म्हटलं, लॅपटॉपमध्ये सगळं एकाच पाटीवर ठोकलेलं असतं, एक गेलं की सगळं गेलं, आणि उघडायला गेलं की कंपनी हात वर करते. आईचा आवाज असल्या वस्तूच्या भरवशावर ठेवायचा नाही. ती म्हणाली, "निदान तोपर्यंत तरी?" तात्पुरतं म्हणून केलेलं कायमचं होऊन बसतं, हे तिला अजून कळायचंय.

११ जानेवारी

आज दुकानात दोन तास भिंग घेऊन बसलो.

अ: डबा भपकेबाज, दिव्यांची आरास, आणि पाटी मात्र पातळ. दोन टोकांना धरली की मधे लवते. वरचं झाकण दिमाखदार, खाली उष्णता वाहून न्यायला पुरेसा धातूच नाही. नाव मोठं लक्षण खोटं.

ब: साधा डबा. कपॅसिटर सगळे घन जातीचे, फुगणारे नव्हेत. वीज सांभाळणाऱ्या भागावरचे उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे स्क्रूने आवळलेले, प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर टांगलेले नाहीत. सोल्डर एकसारखं. फक्त दुरुस्तीला इंदूरला पाठवावा लागतो.

क: दुरुस्तीचं केंद्र इथेच भोपाळात, हा मोठा गुण. पण सील तोडायला प्रतीक तयार नाही. न उघडता मी काय डब्याच्या रंगावर मार्क देऊ?

इंटरनेटवर लोकांचे अभिप्रायही वाचले. त्यात फारसा अर्थ नाही. ज्याचा बोर्ड बिघडला तो पानभर शिव्या लिहितो. ज्याचा दहा वर्षं बिनबोभाट चालला तो कशाला लिहायला बसेल? दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावाची तब्येत ठरवण्यातला प्रकार.

दुपारी मंगलाला तिन्हींचे फोटो दाखवले. एकेक गुण-दोष सांगितला. अ? डोळे मिटले. ब? मिटले. क? मिटले. म्हटलं, वा! माझ्यापेक्षा कडक इन्स्पेक्टर घरात आहे. मग ती कपाटाकडे बघत राहिली, जिथे अक्षरांचा तक्ता ठेवलाय. पण तेवढ्यात तिचा कफ काढायची वेळ झाली.

१४ जानेवारी

संक्रांत. यंदा हळदीकुंकू नाही असं मी सगळ्यांना कळवलं होतं, तरी उदयची बायको मंदाकिनी आलीच. दरवर्षी मंगलाकडे पिपलानीतल्या निम्म्या मराठी बायका यायच्या, हिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. मंदाकिनीने हिला कुंकू लावलं, तिळगूळ ओठांना नुसता टेकवला. मंगलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं.

मंदाकिनीने स्वतःच कपाटातून तक्ता काढला. बोट फिरवायला लागली. "मला" झालं. मग "वि" आणि "चा" झालं, तोवर मंगलाला धाप लागली. मी तक्ता काढून घेतला. मंदाकिनी म्हणाली, "भाऊजी, तिला काहीतरी सांगायचंय हो." म्हटलं, सांगायचंय ना, मग मशीनवर सांगेल, ऐटीत सांगेल. अर्धवट बोलण्यापेक्षा नीट बोललेलं बरं. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

मंदाकिनी जाताना दारात म्हणाली, "तुम्हीच विचारा की तिला." काय विचारू ते काही तिने सांगितलं नाही.

१७ जानेवारी

ब ठरला. एकदाचं मन घट्ट केलं.

प्रतीक म्हणाला, तीन वर्षांची हमी आहे, वाढवून पाच वर्षांची मिळते. पाचच घेतली. व्हेंटिलेटरवर लोक वर्षानुवर्षं राहतात, मी वाचलंय. मंगला तर मुळात काटक. तेवढी वर्षं मशीनने साथ द्यायला हवी, नाहीतर नळी घालून उपयोग काय?

इलेक्ट्रिशियनला बोलावून आतल्या खोलीत स्वतंत्र लाइन ओढायला सांगितली. व्हेंटिलेटर पलंगाच्या डाव्या बाजूला येईल, मशीन उजव्या. टेपने मापं घेतली तेव्हा मंगला बघत होती. म्हटलं, "तुझ्यासाठी कंट्रोल रूम करतोय." तिने डोळे मिटले. दमली होती.

तिचं उत्तर मला ठाऊकच आहे. चाळीस वर्षांचा संसार आहे, एवढं कळत नाही? डॉक्टरांना तिच्या तोंडून ऐकायचंय म्हणून, नाहीतर मीच सांगून टाकलं असतं.

१९ जानेवारी

बोर्ड आणला आणि परत नेऊन दिला. एका कोपऱ्यात सोल्डरच्या रसायनाचा चिकट डाग होता. प्रतीक वैतागला. "काका, आपण बोर्ड पाहून राहिलेत का सून?" म्हटलं, सून रुसली तर नांदायला परत येते, बोर्ड बिघडला की येत नाही. बाजूचं गिऱ्हाईक खो खो हसलं. मलाही हसू आलं, किती दिवसांनी.

दुसरा पीस परवा येतोय.

२१ जानेवारी

दुसरा पीस निर्दोष. बैठकीच्या खोलीत टेबलावर मांडून सगळं जोडलं. जुना प्रोसेसर, जुनी डिस्क, नवा बोर्ड. बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात चालू झालं! पडद्यावर तिची अक्षरांची चौकट आली.

आवाज येतो का बघायला तिचं रेकॉर्ड केलेलं एक वाक्य लावलं. "अहो, मफलर घेतलात का?" खणखणीत. अगदी पूर्वीसारखा, किंचित रागावलेला. मी खुर्चीतच बसून राहिलो. पुन्हा लावलं. पुन्हा एकदा लावलं.

शकुंतला पदराला हात पुसत बाहेर आली. "अंकल, किसकी आवाज़ थी? आंटी रो रही हैं." मी आवाज बंद केला. आत जाऊन मंगलाला सांगितलं की टेस्टिंग चालू आहे, झालं की लगेच देतो. तिने डोळे वर केले आणि तसेच ठेवले. कितीतरी वेळ वरच. म्हटलं, हो हो, कळलं, तुला आनंद झालाय.

पण हीट रन झाल्याशिवाय मशीन तिच्या पुढ्यात जाणार नाही. हीट रन म्हणजे, नवा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर चालवत ठेवायचा, तापमान वाढून एका ठिकाणी ठरलं की मगच पास करायचा. आमच्याकडे मंत्री उद्घाटनाला आला तरी हा नियम मोडत नसे. हिच्या आवाजाला मंत्र्यापेक्षा कमी लेखू? बोर्ड पूर्ण भारावर टाकलाय. दर तासाला नोंद घेतोय.

२३ जानेवारी

आज इन्व्हर्टरवर वीज बदलताना कॅमेरा क्षणभर तुटला आणि परत जोडला गेला. वायर ढिली होती, दुसऱ्या खाचेत घट्ट बसवली. पण टेस्ट खंडित झाली की पहिल्यापासून करायची असते. केली सुरू.

डॉक्टरांचा फोन आला होता. "जवाब मिला?" म्हटलं, मशीन तयार होतंय. म्हणाले, ठंड है, ध्यान रखिए, ज़्यादा देर मत कीजिए.

मंगलाचा कफ वाढलाय. शकुंतला म्हणते, आंटी रात-दिन दरवाज़े की तरफ़ देखती हैं. दार उघडं ठेवलं तर मशीनच्या पंख्याचा आवाज आत जातो, म्हणून मी लोटून घेतो.

२४ जानेवारी

जुई आली. न कळवता. शकुंतलाने फोन केला होता म्हणे.

दारातून आत आली, टेबलावर मशीन चालू, पडद्यावर आईची अक्षरं. बॅग हातातच. "हे चालू आहे?" म्हटलं, हो, टेस्ट सुरू आहे. "कधीपासून?" मी तापमानाच्या नोंदी पुढे केल्या, सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. तिने नोंदी पाहिल्याच नाहीत.

"बाबा, आई आत मुकी पडलीय. आणि मशीन बाहेर चालू आहे?"

मी समजावून सांगायला लागलो. अर्धवट तपासलेला माल, पुन्हा बंद पडला तर तिला किती धक्का बसेल, एकदाच काय ते पक्कं करू. ती ऐकत होती. आईवर गेलीय, राग आला की आधी गप्प होते. मग म्हणाली, "तुम्हाला भीती कशाची वाटतेय? बोर्ड बंद पडेल याची, की चालेल याची?"

काय बोलते ही मुलगी! मी कशाला घाबरू? बापाशी बोलायची ही पद्धत नव्हे, असं मी सांगितलं. मग मी पुढची नोंद घ्यायला वळलो.

तिने स्वतःच्या हाताने वायरी काढल्या. मी म्हटलं, निदान टेस्ट तरी पूर्ण होऊ दे. तिने डबा उचलला आणि आत नेला. मी पडदा घेऊन मागून गेलो, जड असतो तो, आणि तिच्या दोन्ही हातांत डबा होता.

२५ जानेवारी

काल जे झालं ते काल लिहिता आलं नाही.

कॅमेरा लावला. मंगलाने पहिलं वाक्य जोडलं ते, "जुई, किती वाळलीस ग." जुई रडायलाच लागली. मग पडद्यावर अक्षरं हळूहळू जमत राहिली, आणि मशीन म्हणालं, "अहो, इकडे या. आता टेस्ट नको."

मी गेलो.

"मला गळ्याला नळी नको."

मी म्हटलं, मंगला, विचार करून बोल. लाइन ओढून झालीय. बोर्ड उत्तम आहे. तू बोलू शकशील, रोज बोलशील, जुईशी बोलशील, माझ्याशी भांडशील. बोर्डाची हमी मी पाच वर्षांची घेतलीय.

ती अक्षरं निवडत होती. किती हळू होतं ते. मशीन म्हणालं, "मग तुम्ही वापरा." आणि डोळ्यांनी हसली. खरंच हसली. मला मात्र भडभडून आलं, मी जुईसमोर लहान मुलासारखा रडलो.

मग ती बराच वेळ लिहीत होती. जसं ती म्हणाली तसं लिहून ठेवतो. "जेवणासाठी पोटात नळी घातली तेव्हा मी मनापासून हो म्हटलं होतं. आता मनापासून नाही म्हणते. मला पंपाच्या जोरावर जगायचं नाही. तुम्ही कोसळाल म्हणून सांगायचा धीर होत नव्हता. त्या दिवशी धीर केला तर वीज गेली. मग वाटलं, तुम्ही विचाराल. तुम्ही बोर्ड दाखवलेत, मापं घेतलीत, वायरी ओढल्यात. मला विचारलं नाहीत."

मी म्हटलं, मशीन नव्हतं ना ग.

तिने पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. जुईही बघत होती. मग मला विचारावंच लागलं. "मंगला, तुला गळ्याची नळी हवी आहे?"

तिने डोळे मिटले.

एवढंच. चिकटपट्टी लावण्याआधी, टी. टी. नगरच्या पहिल्या फेरीआधी, सहा तारखेला सकाळी हा प्रश्न मी विचारू शकलो असतो. मला सुचलंच नाही. इतक्या वेळा तिच्याजवळ बसलो, तीन बोर्डांचे फोटो दाखवले, आणि हे एक विचारायचं सुचलं नाही, असं कसं झालं? रात्रभर त्याचाच विचार करतोय.

३० जानेवारी

मी हार मानलेली नव्हती, हे कबूल करतो. इंदूरच्या एका डॉक्टरांना फोन केला. मंगलाला तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. चौथ्यांदा विचारायला गेलो तर म्हणाली, "अहो, मी तुमचा पुरवठादार नाही, परत परत पाठवायला." जुई स्वयंपाकघरात हसली, मीही.

डॉक्टरांनी व्हिडिओवर तिच्याशी स्वतः बोलून घेतलं. तिने त्यांनाही तेच सांगितलं, हिंदीत. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्रास होऊ नये म्हणून औषधं असतात, मास्क असतो, ती घुसमटणार नाही याची काळजी ते घेतील. हे ऐकताना तिने मला खोलीबाहेर जाऊ दिलं नाही.

बोर्ड उत्तम चालतोय. तापमान बघायचं मी सोडून दिलंय.

४ फेब्रुवारी

ती नुसती बोलत असते. इतक्या दिवसांचा साठा! जुईने इथूनच काम सुरू केलंय, त्यामुळे श्रोते दोन. शकुंतलाच्या मुलीच्या लग्नात कुठली साडी द्यायची ते सांगून झालं. मंदाकिनीला बोलावून तिच्याशी दोन तास कोणाकोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या. मला वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवतेय, हिंग आधी की मोहरी आधी. मी चुकलो की मशीन ओरडतं, "जळलं!"

आज दुपारी जुई झोपली होती तेव्हा म्हणाली, "दवाखान्यात मशीन नसेल. तेव्हा तुम्ही सांगायचं."

मी म्हटलं, जुई सांगेल.

"नाही. तुम्ही."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं. पण मला ते जमेल की नाही, मला माहीत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिने ओळखलं असणार.

१२ फेब्रुवारी, दवाखान्यात

सकाळी ताप चढला. छाती कफाने भरली, मास्क असूनही ओठ निळे दिसायला लागले. अँब्युलन्स बोलावली. मशीन घरीच राहिलं, त्याला इथे कुठे आणणार? वही पिशवीत होती म्हणून लिहितोय.

आमचे डॉक्टर अजून पोचले नव्हते. इमर्जन्सीत एक नवीन डॉक्टर होता, त्याला काहीच माहीत नाही. त्याने तिला तपासलं आणि माझ्याकडे वळला. "अंकल, ट्यूब डालनी पड़ेगी. टाइम नहीं है, जल्दी बताइए." जुई खाली कागदपत्रांच्या खिडकीवर होती. सिस्टरने नळीचं पाकीट हातात घेतलं होतं. मंगला माझ्याकडे बघत होती.

नळी घातली तर ती आज वाचेल. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. एक "हाँ" म्हटलं की झालं. कोणी मला दोष दिला नसता, जुईनेही दिला नसता.

मी तिच्याकडे बघितलं. मग म्हणालो, "नहीं. इन्होंने मना किया है."

तो म्हणाला, "आप समझ रहे हैं न, क्या बोल रहे हैं?"

मी म्हटलं, हो. माझ्या बायकोचं उत्तर आहे, मी फक्त सांगतोय. तिने आमच्या डॉक्टरांनाही सांगितलंय, फोन करून विचारा. त्याने फोन लावला, ऐकलं, आणि सिस्टरला पाकीट ठेवून द्यायला सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मग आमचे डॉक्टर आले, त्यांनी घुसमट कमी करायचं औषध सुरू केलं. जुई वर आली. तिला मी सांगितलं, तिने माझा हात घट्ट धरला.

आता दुपार आहे. मंगलाचा श्वास उथळ आहे पण शांत आहे. कपाळावरच्या आठ्या गेल्यात. मधूनमधून डोळे उघडते. आत्ता उघडले तेव्हा मी अगदी जवळ वाकून विचारलं, "मंगला, मी बरोबर सांगितलं ना?"

तिने वर बघितलं. बराच वेळ वरच बघत राहिली, माझी खात्री पटेपर्यंत.